टाकीच्या जागेसाठी बावन्न दिवस

11 मार्च 2025, मंगळवार. सकाळी सातच्या सुमाराला सहा बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात आल्या. मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे, विरोधी पॅनलची. त्या सहांतल्या चौघींनी मला मत दिलं होतं, दोघींनी दिलं नसावं. एका म्हाताऱ्या काकूंनी घागर उंबऱ्याजवळ ठेवली आणि विचारलं, "बाई, तुमच्या अर्जामुळं टाकी अडकली म्हणं. खरंय का?"

खरं होतं. त्या दिवसापासून 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत जे घडलं, ते तारखांसकट लिहिते आहे. अशा बोलण्यांची कुणी कधी नोंद ठेवत नाही. माझ्यासारखी पहिल्यांदा निवडून आलेली बाई समोरच्या पॅनलशी बोलायला निघाली, तर सुरुवात कुठून करायची हे तिला सांगणारं कुणी नसतं. मलाही नव्हतं.

आमचं गाव मांजराकाठचं. नदी जवळ असली तरी फेब्रुवारी सरला की बोअर आटतात आणि विहीर अधिग्रहणाचे अर्ज सुरू होतात. जलजीवन मिशनमधून नळयोजना मंजूर झाली, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी या हिशेबाची. गल्लीगल्लीत पाइप पुरले, घरापुढं तोट्या उभ्या राहिल्या. टाकीचं काम मात्र खड्ड्यापाशीच थांबलं.

थांबण्याचं कारण आमचं राजकारण. 18 डिसेंबर 2022 ला मतदान झालं, 20 ला निकाल लागला. सरपंच थेट जनतेतून, शिवाय 11 सदस्य. सरपंचताईंच्या पॅनलचे 4, आमचे 4 आणि तिसऱ्या गटाचे 3. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळं कुणीही कुणासोबत जाऊ शकतं. तिसऱ्या गटाला उपसरपंचपद मिळालं आणि ते सरपंचताईंसोबत गेले. तेव्हापासून गावात "सात आणि चार" असंच बोललं जातं. विधानसभेत विरोधी पक्षनेत्याचं पद असतं, ग्रामपंचायतीच्या कायद्यात तसलं काही पद नाही. मासिक सभेत आमचं काम एवढंच उरलं होतं: ठरावाला विरोध नोंदवायचा, सही करायची आणि घरी यायचं.

टाकीची जागा ठरली गावठाणात, सरपंचताईंच्या गल्लीच्या टोकाला. आमचं म्हणणं होतं की टाकी माळावर हवी, नाहीतर वरच्या वस्त्यांवर पाणी चढणार नाही. सात विरुद्ध चारनं ठराव झाला. ऑगस्ट 2024 मध्ये आम्ही जिल्हा परिषदेकडे तक्रार केली आणि काम थांबलं. त्या अर्जात जागेच्या मुद्द्यासोबत "निकृष्ट काम" असंही आम्ही लिहिलं होतं, आणि त्याला आमच्याकडे पुरावा नव्हता. हे पुढं आम्हाला जड गेलं.

बायका गेल्यावर मी आमच्या पॅनलप्रमुखांकडे गेले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मी म्हणाले, "आबा, बोलणी करू." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन साल झाले. अविश्वास आणू की." हा विषय आमच्यात आधीही निघालेला होता. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही आणि ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये संपली होती. पण ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीत 9 डोकी. त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदानानं तो पुन्हा मंजूर व्हावा लागतो. तिसरा गट पुरा फुटून आला तरी आम्ही 7 च भरत होतो. मी हे वहीच्या पानावर मांडून आबांसमोर ठेवलं. ते पान त्यांनी घडी करून खिशात घातलं आणि "पाडव्यानंतर बघू" म्हणाले.

हे एकोणीस दिवस फार जड गेले. आमच्याच एका सदस्यानं मला तोंडावर विचारलं, "वहिनी, तिकडं जायचा विचार आहे का?" रात्री झोप लागायची नाही. घरात सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, "पाण्यासाठी बोलायला जायला काय लाजायचं?"

30 मार्चला पाडवा झाला आणि 3 एप्रिलला पहिली बैठक ठरली. ती पुरती फसली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

बैठक झाली सरपंचताईंच्या वाड्यात. आम्ही सहा जण गेलो, तिथं आधीच वीसेक माणसं बसलेली. सरपंचताई आत चहाच्या तयारीत होत्या आणि बोलत होते त्यांचे पती (मी त्यांना भाऊजी म्हणते). आमच्याकडे 14 मागण्यांची यादी होती. पहिली मागणी वाचून होईस्तोवर कुणीतरी सोसायटीच्या निवडणुकीचा विषय काढला. तिथून गाडी गेली जळालेल्या कडब्याच्या गंजीवर, मग एका लग्नातल्या मानपानावर. तीन तास गेले. टाकीवर एकूण दहा मिनिटंसुद्धा बोलणं झालं नसेल. उठताना भाऊजी म्हणाले, "आधी अर्ज माघारी घ्या, मग बोलू." आबा म्हणाले, "आधी जागा बदला." दोघंही आपापल्या माणसांसमोर बोलत होते. वीस माणसांपुढं कुणाला माघार घेता येत नाही.

घरी येऊन मी 14 मागण्या पुन्हा वाचल्या. त्यातल्या दहा जुन्या रागाच्या होत्या. चार राहू दिल्या. जागेची पाहणी अभियंत्याकडून व्हावी. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आमची दोन माणसं असावीत. योजनेची बिलं मासिक सभेत वाचून दाखवावीत. आणि जे ठरेल ते तोंडी न राहता ठरावात यावं. यादी कापताना आमच्यातच दोन रात्री वाद झाला. आबांच्या पुतण्यानं गाळ काढण्याच्या जुन्या बिलाची चौकशी यादीतून काढू दिली नाही. शेवटी "ती वेगळ्या अर्जानं करू" यावर तो कसाबसा तयार झाला.

मी थेट सरपंचताईंना फोन केला, त्यांच्या पतींना नाही. अडीच वर्षांत असा पहिलाच फोन. मी म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतः बसणार असाल तर मी येते. दोन्हीकडून तीन-तीन जण, प्रत्येक बाजूनं निदान एक बाई, जागा शाळेची." त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हाव, बसते. पण मला सगळं माहीत नसतंय, तुम्ही कागद आधी पाठवा." मी चार मुद्द्यांचा फोटो त्यांना पाठवला. कुणी बोलणी करणार असेल तर हे नक्की करा. कागद आधी गेला की समोरचा माणूस घरच्यांशी बोलून, तयारीनं येतो.

9 एप्रिल, बुधवार. शाळा सुटल्यावर जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात बसलो. ग्रामपंचायत अधिकारीही होते. पूर्वीचं ग्रामसेवक हे पद आता या नावानं आहे, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. सरपंचताईंनी हातातला कागद उघडला. आमच्या चार मुद्द्यांखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात त्यांचे तीन लिहिले होते: तक्रार मागे घ्या, "निकृष्ट काम" हे शब्द चुकीचे होते असं लेखी द्या, आणि माळावर जागा हवी तर ती विकत न देता दान द्या.

तिसरा मुद्दा आबांना लागला. माळावरची ती जमीन त्यांच्या चुलतभावाची. आबांना टाकी तिथं हवी आहे ती जमिनीच्या पैशासाठी, असं गावात बोललं जायचं. आबा उठून उभे राहिले. वाटलं, संपलं सगळं. त्यांनी शाळेच्या नळावर जाऊन तोटी उघडून पाहिली, तीही कोरडीच. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "दोन गुंठे दान. पण अभियंत्यानं माळ म्हणलं तरच. आणि त्यानं गावठाण म्हणलं तर मी तोंड उघडणार नाही." सरपंचताई म्हणाल्या, "तो जे म्हणंल ते आम्हालाही मान्य." हे वाक्य मी तिथंच वहीत लिहिलं आणि सहाही जणांच्या सह्या घेतल्या.

आबांचं म्हणणं होतं की पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्यावं (शंभराचा आता चालत नाही). भाऊसाहेबांनी समजावलं की सदस्यांनी आपसात केलेल्या कागदाला ग्रामपंचायतीत काही किंमत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांकासह जे येईल, तेच धरलं जातं. आमचे पाचशे वाचले.

आता अभियंता आणायचा होता. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं एकच पत्र तालुक्याला दिलं, त्यावर पोच घेतली. पोच घ्याच, आणि तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. पहिल्या फेरीला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या फेरीला फाइल सापडेना, आणि मधे हनुमान जयंती, आंबेडकर जयंती. तिसऱ्या फेरीला सरपंचताई माझ्याबरोबर आल्या. एसटीत आम्हा दोघींना अर्धं तिकीट. शेजारी बसून जाताना त्या म्हणाल्या की सभेत सही करायची पाळी आली की त्यांच्या पोटात गोळा येतो. मी म्हणाले, माझ्याही येतो. एक सत्ताधारी, एक विरोधी, दोघी मिळून आलेल्या पाहून तिथल्या लिपिकानं खुर्ची दिली आणि फाइलही सापडली.

21 एप्रिलला, पत्र दिल्यापासून अकराव्या दिवशी, शाखा अभियंता लेव्हल यंत्र घेऊन आले. निम्मं गाव मागं. एक मुलगा पट्टी धरून गावठाणात उभा राहिला, मग माळावर. दोन तास गेले. साहेबांनी वहीत आकडे मांडले आणि सांगितलं की गावठाणातली जागा माळापेक्षा चार मीटर खाली आहे, वरच्या तीन वस्त्यांना तिथून पुरेसा दाब मिळणार नाही. मला आनंद झाला, पण मी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. आमच्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा आबांनीच त्यांना गप्प केलं. "तुमचं बरोबर, आमचं चूक" असं त्या माळावर कुणी म्हणालं असतं, तर भाऊजींना पुढं काही मान्य करणं अवघड झालं असतं. त्या दिवशी आबांबद्दलचा माझा आदर वाढला.

लेखी अहवाल 23 तारखेला हातात आला. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघावी लागते, म्हणजे 1 मे साठी तोच शेवटचा दिवस होता. भाऊसाहेबांनी संध्याकाळी विषयपत्रिकेत सातवा विषय म्हणून "जलकुंभाची जागा बदलणे" घातला आणि नोटीस फळ्यावर लावली. बोलणी कितीही चांगली झाली आणि विषय पत्रिकेवरच नसला, तर ग्रामसभेत तो कुणीही उडवू शकतो.

28 एप्रिलला घोळ झाला, आणि तो माझ्या चुकीनं. मी सत्ताधारी म्हणून सरपंचताईंशीच बोलत राहिले. उपसरपंच अण्णांशी, म्हणजे तिसऱ्या गटाशी, वेगळं बोलायला हवं हे माझ्या लक्षातच आलं नाही. शाळेच्या बैठकीत सरपंचताईंच्या बाजूच्या तिघांत अण्णांचं कुणी नव्हतं. त्यांना वाटलं, सरपंच आणि विरोधक मिळून आपल्याला बाजूला काढायला निघालेत. त्यांनी गावात सांगून टाकलं, "ग्रामसभेत आमचे लोक उठून जातील."

रात्री नऊला आबा आणि मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मी आधी माफी मागितली. अण्णांनी ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. मग खरं बोलले. आघाडी करताना त्यांना शब्द मिळाला होता की त्यांच्या वस्तीला पहिलं कनेक्शन मिळेल. जागा बदलली की तो शब्द जाणार, आणि वस्तीवर ते तोंड कसं दाखवणार? दीड तास बोललो. पहिलं कनेक्शन कुणा एकाला देणं आबांना मान्य नव्हतं, आणि मलाही नव्हतं. शेवटी वाक्य निघालं: "गावठाण व तिन्ही वस्त्यांना पाणीपुरवठा एकाच दिवशी सुरू करावा." अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. मी तिथूनच सरपंचताईंना फोन लावून वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून भाऊजींचा आवाज आला, "चालंल."

30 एप्रिलला दुपारी तीनला महिला ग्रामसभा. मुख्य ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते, पण आमच्याकडे ती आजवर रजिस्टरवरच व्हायची. त्या दिवशी अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आकिती. घरोघरी पितरांसाठी केळी, म्हणजे मातीच्या लहान घागरी, पाण्यानं भरून पुजल्या होत्या, आणि कित्येक घरांत ते पाणी विकतच्या जारचं होतं. बायका नैवेद्य उरकून आल्या, 64 जणी. सरपंचताई उभ्या राहिल्या. अभियंत्याचा अहवाल त्यांनी स्वतः वाचला, अडखळत, पण पूर्ण. मागच्या रांगेतून माझ्या दारात आलेल्या काकूंनी विचारलं, "मग टाकी माळावर की नाही?" सगळ्यांचे हात वर झाले. त्यात कोण कुणाच्या पॅनलची, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

1 मेला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या लागते. आधीच्या दोन सभा माणसांअभावी तहकूब झाल्या होत्या, या वेळी 212 सह्या झाल्या. सातव्या विषयावर वीस मिनिटं चर्चा झाली. एकानं विरोध केला, तो आमच्याच पॅनलचा कार्यकर्ता होता. फुकट जमीन कशाला द्यायची, असं त्याचं म्हणणं. त्याचा विरोध नोंदवून घेतला आणि ठराव मंजूर झाला. समितीत आमचे दोघे आले, एक मी. या समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळं आमच्या बाजूनं एक बाई द्या म्हणायला मला भांडावं लागलं नाही. "निकृष्ट काम" हे शब्द पुराव्याशिवाय लिहिले गेले, हे मी उभं राहून सांगितलं. सांगताना पाय थरथरत होते. इतिवृत्त त्याच संध्याकाळी वाचून घेतलं. "एकाच दिवशी" हे शब्द राहिले होते, ते घालून घेतले. सभेनंतर घाई करून घरी जाऊ नका, लिहिलेलं वाचूनच उठा.

पुढचं थोडक्यात. 5 मेला तक्रार मागे घेतल्याचा अर्ज जिल्हा परिषदेत दिला. आबांच्या चुलतभावाच्या सातबाऱ्यावर त्यांच्या पुण्यातल्या बहिणीचंही नाव निघालं, म्हणून तिची संमती लागली. डिजिटल सातबारा 15 रुपयांत निघतो, तो बोलणीच्या पहिल्याच आठवड्यात काढून पाहिला असता, तर हे आधीच कळलं असतं. ती बहीण आनंदानं आली आणि 16 मेला बक्षीसपत्राची नोंदणी झाली. "फक्त सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी" ही अट तिनंच घालायला लावली. फेरफाराच्या (सातबाऱ्यावर नवं नाव लागण्याच्या) नोटिशीला हरकतीसाठी 15 दिवस असतात, ते धरून नोंद जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. काम पुन्हा सुरू करण्याचं पत्रही आलं. प्रवास, झेरॉक्स, टायपिंग, चहा मिळून माझ्या पदरचे 2,340 रुपये गेले. नोंदणीचा खर्च दोन्ही पॅनलनी अर्धा-अर्धा वाटून घेतला.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आला तेव्हा आमचंही सोयाबीन पाण्यात गेलं आणि टाकीचं काम महिनाभर बंद राहिलं. त्या दिवसांत पंचनाम्याच्या याद्या करायला दोन्ही पॅनलचे लोक एकाच टेबलावर बसले होते. भांडणं आजही होतात. गाळाच्या जुन्या बिलाचा अर्ज आम्ही वेगळा दिला आहे, आणि त्यावरून भाऊजी माझ्याशी नीट बोलत नाहीत.

नोव्हेंबरच्या मासिक सभेत सरपंचताईंनी योजनेचं बिल वाचलं. वाळूच्या आकड्यावर मी हरकत घेतली. त्यांनी भाऊसाहेबांकडून रजिस्टर ओढून घेतलं, "कशी लिहू, सांगा," म्हणाल्या, आणि माझी हरकत स्वतःच्या अक्षरात लिहिली. टाकीचे खांब आता माळावर दिसतात. पाणी अजून यायचं आहे.